बियाण्याचे वाल

बसणीच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत वाल सगळ्यांच्याच घरी पिकत. पण गंगारामाच्या घरचे वाल निराळे होते. दाणा बारीक, रंग काळपट तांबडा, पाठीवर पांढरी रेघ, आणि कडू म्हणजे किती कडू, तर पहिलं पाणी ओतलं तिथं गवत उगवायचं नाही असं लोक म्हणत. ते भिजता भिजत नसत. भिजले तर मोड यायला आढेवेढे घेत. मोड आले तर साल अंगाला अशी चिकटलेली, की सोलणारीची नखं हुळहुळी व्हावीत. मात्र एकदा सोलून त्यांच्या डाळिंब्या केल्या, खोबरं नि आमसुलं घालून मंद विस्तवावर बिरडं शिजवलं, की दाणा अखंड राहून जिभेवर लोण्यासारखा विरघळे. पाहुणे म्हणत, असलं बिरडं रत्नागिरीत कुठं खाल्लं नाही.

पाहुण्यांना सोलायचे नव्हते. सोलायचे होते मथुरेला.

मथुरा ही गंगारामाची बायको. हे वाल तिच्या सासूनं, यमुनाबाईनं, लग्नात आपल्या माहेरच्या ओटीतून आणले होते आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्या वालाचा दाणा त्यांच्यात मिसळू दिला नव्हता. मथुरा घरात आली तशी ती जोखीम तिच्या गळ्यात पडली. "हे वाल या घरातल्या माणसांसारखेच," असं ती शेजारच्या हौसाला सांगे. "वरून कडू, सोलायला अवघड, आणि आतून गोड आहेत असं ऐकून आहे."

तोंडानं असं बोलायची, तरी बियाणं ती डोळ्यात तेल घालून जपायची. फाल्गुनात वेलावरच्या भरदार शेंगा आधी खुडायच्या, दाणे कडकडीत वाळवायचे, राखेत घोळवायचे आणि वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. मग तो तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा, म्हणजे धुरानं कीड लागत नसे. कार्तिकात भात निघालं की ओल आहे तोवर ते खाचरात टोकायचे. खायचे वाल गणपतीपर्यंत संपत. तुंब्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, हे घरातल्या मांजराला देखील ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते हरिश्चंद्राला.

हरिश्चंद्र म्हणजे गंगारामाचा धाकटा भाऊ. मुंबईला गिरणीत होता आणि आणखी सातआठ जणांबरोबर एका खोलीत राहायचा. त्या खोलीत पाळीपाळीनं स्वैपाक करत. मुंबईनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, एक रांधणं आणि दुसरी मत देणं. पहिली जेमतेम आली होती, दुसरी मात्र झकास. मागच्या खेपेला त्यानं मथुरेला चूल कशी पेटवावी ते सांगितलं होतं, आणि मथुरेनं फुंकणी त्याच्या हातात देऊन गोठ्याची वाट धरली होती.

त्या वर्षी दसरा झाला नि मथुरेची आई पडल्याचा निरोप गुहागराकडून आला. मथुरा धावतपळत माहेरी गेली. आई सावरली, उठून बसली, लेकीच्या लुगड्याला नावंही ठेवू लागली, तेव्हा मथुरेनं ओळखलं की आता निघायला हरकत नाही. भात कापणीला आलं होतं. खाडी उतरून, गाडीवाटेनं, पायी, अशी मजल दरमजल करत ती आपल्या वाडीच्या पाणंदीत शिरली, तोच तिला वास आला.

वालांचा वास. आणि त्यात आणखी काहीतरी, साबणासारखं.

'कोणाकडे बरं कार्य आहे?' असं मनात म्हणत ती पुढं आली तर कार्य तिच्याच घरापुढच्या खळ्यात होतं. तीन चिऱ्यांवर देवळातला मोठा टोप चढवलेला. खाली लाकडांचा जाळ. पावसाळ्याआधी तिनं स्वतः रचून ठेवलेली लाकडांची रास अर्धी झालेली. डोक्याला पंचा गुंडाळून हरिश्चंद्र उलथन्यानं टोप ढवळत होता, आणि वाडीतली पंधरावीस माणसं पत्रावळी मांडून बसली होती. मध्ये गंगाराम, पाहुण्यासारखा.

"वहिनी! बरोब्बर वेळेवर आलात!" हरिश्चंद्र आनंदानं ओरडला. "बसा, पाय धुवा. आज तुम्ही हात लावायचा नाय. आज बिरडं माझं."

मथुरेनं बोचकं खाली ठेवलं. "भावोजी, वाल कोणी दिले?"

"दिले कशाला? घरचेच की! सगळी भांडी धुंडाळली, कुठं नाय. मग वर बघतो तर हे टांगलेलं. वहिनी, कसलं लिंपून ठेवलं होतंत हो, फोडावा लागला तुंबा."

मथुरा तडक घरात गेली. चुलीवरच्या आढ्याला नुसती दोरी लोंबत होती. खाली राखेत तुंब्याची खापरं पडली होती. तिनं एक खापर उचललं, आत बोट फिरवलं. बोटाला राख लागली, दाणा नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज इतका हळू होता की गंगाराम घाबरून उभा राहिला.

"सगळे घातले?"

"मग काय थोडे ठेवायचे? माणसं किती!" हरिश्चंद्र म्हणाला. "पण खरं सांगू का, रागावू नका, तुमच्या वालात दम नाय. सकाळपासनं शिजवतोय. शेवटी खायचा सोडा घातला. मुंबईहून पुडी आणलेली म्हणून बरं."

"ते बियाण्याचे होते."

"मग आधी सांगायचं!"

"कोणाला सांगायचं? तुम्हांला? मुंबईला येऊन?" आता आवाज चढला. "घरात माणसं नव्हती? हे नव्हते?"

गंगाराम म्हणाला, "मी मळ्यात होतो. आलो तर शिजायला लागलेले."

"लागलेले म्हणजे बाहेर काढता येत नव्हते?"

"ऊन होते," गंगाराम म्हणाला.

पडवीत यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला डोळ्यांनी फार दिसत नसे. मथुरा तिच्याकडे वळायच्या आतच ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मला दिसतं काय?"

मथुरेनं कपाळावर हात मारून घेतला. एकानं फोडायचं, एकानं बघत राहायचं आणि एकीला दिसायचं नाही! अख्ख्या घरात शहाणं असं काय ते मांजर, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

वाढप तर झालंच. बसलेल्या माणसांना उठवता येईना. सोललेले नव्हतेच ते, सालीसकटचे, कडू. त्यात सोड्यानं निम्म्यांचा गिचका झाला होता आणि निम्मे तसेच गणंग, गोटीसारखे टणक. माणसं भिडेखातर घास घेत, दाढेखाली कड्कन वाजलं की डोळे मिटत, आणि दाणा हळूच पत्रावळीखाली सारत. हौसा म्हणाली, "चव आहे हो भावोजी. दाताचं काय ते ज्यानं त्यानं बघावं."

सगळे गेल्यावर मथुरेनं एक वेडेपणा केला. टोपाच्या तळाशी हात घालून तिनं ते न शिजलेले गणंग वेचले, धुतले आणि ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या कडेला ठेवले. गंगारामानं पाहिलं नि तो म्हणाला, "अगो, शिजवलेल्याला कुठं मोड येतात?"

"मला माहीत नाय काय ते!" ती फिस्कारली. "राहू दे तसंच."

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर आत आंबूस वास. तिनं ते उकिरड्यावर झटकलं.

भात कापून होत होतं. खाचर रिकामं होणार, ओल आठवडाभर टिकणार, आणि मग जमीन दगड. हौसा आपल्याकडचे वाल घेऊन आली. पांढरे, टपोरे, बाजारातल्यासारखे. "हे पेर की गो. भिजतात चांगले, सोलायला सोपे. सुटलीस त्या कडूकाळ्यांच्या तावडीतून."

खरं म्हणजे मथुरेनं हेच किती वर्षं मागितलं होतं. पण हौसाच्या ओंजळीतले ते गुबगुबीत दाणे पाहून तिनं हात मागं घेतला. "नको," ती म्हणाली, आणि आपण नको का म्हणालो याचाच तिला संताप आला. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली, ते गेले तर देवाला साखर ठेवायची. पण पहिल्या वर्षी नवी नवरी म्हणून ती सोलायला बसली होती तेव्हा सासूनं तिची बोटं आपल्या हातात घेऊन साल कुठून दाबायची ते दाखवलं होतं. त्या घरात कुणी तिला हात धरून शिकवलेली तेवढीच एक गोष्ट होती.

"आनंदीकडे असतील," पडवीतून यमुनाबाई म्हणाली.

हौसानं आपले वाल पदरात बांधले नि घरची वाट धरली.

आनंदीबाई म्हणजे यमुनाबाईची थोरली लेक. आरे गावात दिली होती. तिचा नवरा गलबतावर तांडेल. आणि मथुरेचा नि तिचा अबोला होता. हे नवं घर बांधलं त्याच्या वास्तुशांतीला मथुरेनं दोन दिवस खपून सगळ्या पंगतीसाठी वाल सोलले होते, आणि भर पंगतीत आनंदीबाई मोठ्यानं म्हणाली होती, "अगो, यात गणंग राहिलेत!" पंगत हसली. मथुरेच्या हातातला डाव हातातच राहिला. त्या दिवसापासून ती नणंदेशी बोलली नाही. आनंदीबाईही मानी, तिनंही येणं सोडलं.

"त्यांच्याकडे कशानं असतील?" मथुरेनं विचारलं.

"असतील," म्हातारी म्हणाली, आणि पुढं तोंड उघडेना.

रात्रभर मथुरा चडफडली, आणि सकाळी तिनं कमरेला पदर खोचला. "भावोजी, चला. वाल तुम्ही शिजवलेत, मागायचेही तुम्हीच. मी फक्त वाट दाखवायला येते."

"मला वाट माहीत आहे वहिनी, ती माझी सख्खी बहीण."

"मग मी तुमच्यावर नजर ठेवायला येते."

ते दोघं डोंगरमाथ्यावरचा सडा चढले. पाऊस नुकताच सरला होता. कातळावर गवत सोनेरी पडू लागलं होतं आणि ऊन लागत होतं. मथुरा पुढं, हरिश्चंद्र मागं. तो काही चालता चालता गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मुंबईच्या बाजारात म्हणे हवे ते वाल मिळत. सुरती मिळत, घाटावरचे मिळत. एवढ्याशा वालांसाठी आरेपर्यंत पायपीट म्हणजे अडाणीपणा. शिवाय शिजवण्यात त्याची चूक नव्हती. चूक पाण्याची होती. विहिरीचं पाणी जड, मुंबईचं नळाचं पाणी हलकं.

काळबादेवी मागं पडली तेव्हा मथुरा थांबली. "भावोजी, तोंड मिटून चालता येतं का बघा बरं एकदा. दम कमी लागतो."

आनंदीबाईचं घर माडांच्या आत होतं, पाठीमागं समुद्राची गाज. ती पडवीत सुपात काहीतरी पाखडत होती. केस पांढरे झालेले मथुरेला दिसले. ते तिला अपेक्षित नव्हतं. मनात तिनं आनंदीबाई त्या पंगतीतलीच ठेवली होती, काळ्या केसांची, हिरव्या लुगड्यातली.

आनंदीबाईनं मान वर केली. सूप थांबलं. ती भावाकडे पाहून मग मथुरेकडे पाहत राहिली.

"आई बरी आहे ना?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"बरी आहे," हरिश्चंद्र म्हणाला.

"मग पाय धुवा."

गूळपाणी झालं. मथुरा खांबाकडे तोंड करून बसली. हरिश्चंद्रानं सगळी हकीकत सांगितली. जड पाण्यापासून सोड्यापर्यंत, काही गाळलं नाही. आनंदीबाई ऐकता ऐकता हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून तिनं भावाला असं फैलावर घेतलं की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"मेल्या, बियाणं खातात? तुझा बाप असता तर तुला त्याच टोपात घातला असता! सोडा घालतो वालात! गिरणीत कपडे धुतोस की सूत काढतोस?"

मथुरेला हे सगळं आपण बोलायचं होतं. नणंदेनं तेही हिरावून घेतलं म्हणून ती आणखीच धुसफुसली.

आनंदीबाई आत गेली आणि एक मडकं घेऊन आली. राखेत हात घालून तिनं ओंजळभर दाणे काढले. बारीक, काळपट तांबडे, पाठीवर पांढरी रेघ.

मथुरेनं ओंजळीकडे पाहिलं नि न राहवून ती नणंदेशी थेट बोलली. "हे तुमच्याकडे कसे?"

"कसे म्हणजे? आई धाडते की. मिरकरवाड्याची सखू मासे विकायला तुमच्या वाडीत येते ना, तीच पुढं इकडं येते. दरसाल शिमगा झाला की तिच्या पाटीतून मूठमूठ बियाणं येतं. तुला ठाऊक नाय?"

मथुरेला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की दरसाल वाळत घातलेलं बियाणं मोजलेलं असून तुंब्यात भरताना उणं पडतं. उंदीर खातात म्हणून तिनं बिळं बुजवली होती. गंगारामाशी त्या उंदरांवरून भांडली होती. ते मांजर तिनं खास त्यासाठीच पाळलं होतं, इतकी वर्षं त्याला दूध घातलं होतं!

"आणि आत्याबाई पडवीत बसून म्हणतात, मला दिसत नाय!" ती उसळून म्हणाली.

"हाताला लागतं तिच्या," आनंदीबाई म्हणाली. "माझ्यावर ओरडू नको. मी मागितलं नव्हतं. लेक माहेरी येत नाय, तर माहेरचं काहीतरी जाऊ दे, असं तिला वाटलं असेल."

"येत नाय ते कोणामुळं?"

"कोणामुळं? तू बोलायचं टाकलंस!"

"टाकलं! भर पंगतीत तुम्ही गणंग काढलेत माझ्या बिरड्यातले! दोन दिवस सोलत होते मी. नखांतून रक्त येत होतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर..." तिनं खांबावर हात आपटला.

आनंदीबाई तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. तिला काही उमगतच नव्हतं.

"मी? गणंग म्हटलं? कधी?"

"वास्तुशांतीला!"

"मला आठवत नाय गो."

मथुरेला वाटलं, आता आपण इथंच खाली बसून बोंब ठोकावी. इतकी वर्षं ती त्या एका वाक्याला उत्तरं रचत होती. दळताना, लावणी करताना, पाणी भरताना. एकाहून एक झणझणीत उत्तरं तयार होती. आणि जिला द्यायची तिला प्रश्नच आठवत नव्हता!

"आठवत नाय म्हणजे?"

"नाय आठवत. अगो, त्या दिवशी मी तिथं कशी आले होते ते माझं मला ठाऊक." आनंदीबाईनं मडकं खाली ठेवलं. "ह्यांचं गलबत मलबाराकडून यायचं होतं. बाकीची आली, हे नाय. जयगडापर्यंत माणूस पाठवलेला. आणि नव्या घराचं मंगळकार्य, म्हणून आईला पण सांगितलं नव्हतं. तोंडाला येईल ते बोलत होते, हसत होते, कुणाला कळू नये म्हणून. काय बोलले, काय जेवले, काय ठाऊक नाय. पुढं पंधरवड्यानं हे आले. पण तोवर तू बोलेनाशी झालेलीस. मला वाटलं, नव्या घरात हिला नणंद नकोशी झाली."

"मग विचारायचं तरी!"

"मी कशाला विचारू? तू सांगायचंस!"

"लहानीनं सांगायचं की मोठीनं विचारायचं?"

"आता मोठी आठवले काय? पाया पडायला कधी आली होतीस?"

आवाज चढत गेले. कुंपणाशी आता दोन बाया झाल्या. हरिश्चंद्र मध्ये पडला. "हे बघा, मी सांगतो, चूक दोघींचीही..."

"तू गप!" "तुम्ही गप बसा!" दोघी एकाच वेळी त्याच्यावर उलटल्या. तो मडक्याशेजारी मुकाट बसला.

माडाचं एक झाप कुठंतरी धप्पकन पडलं. शेवटी आनंदीबाईनं हळूच विचारलं, "पण होते काय?"

"काय?"

"गणंग."

मथुरा खांबाकडे बघू लागली. मग म्हणाली, "होते. दोनचार."

आनंदीबाई पुन्हा हसू लागली. या खेपेला मथुरेला तोंड फिरवता आलं नाही. हसू आलंच; नको होतं तरी आलं.

त्या दिवशी त्यांना परत निघता आलं नाही. आनंदीबाईच्या घरात खायला काढून फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आलेच होते. "जेवल्याशिवाय बियाणं मिळायचं नाय," तिनं सांगितलं. कोमट पाणी आलं आणि तिघं सोलायला बसली. हरिश्चंद्रानं 'मला मुंबईला सवय नाय' म्हणून पाहिलं, तेव्हा आनंदीबाईनं त्याच्यापुढं सर्वांत मोठी परात ठेवली. एका बाजूनं दाबायचा तो दोन्ही बाजूंनी दाबी. दाणा सटकून अंगणात जाई नि कोंबड्या धावत. थोड्या वेळानं तो आपली बोटं बघू लागला आणि म्हणाला, "वहिनी, हे तुम्ही दर खेपेला करता?"

मथुरेनं आपल्या पुढ्यातले मूठभर दाणे त्याच्या परातीत टाकले.

चुलीपाशी मात्र पुन्हा वाजलं. आनंदीबाई गूळ आधी घालायला निघाली. मथुरा म्हणाली, "आधी गूळ घातला की दाणा ताठरतो." "आमच्या आईनं असंच शिकवलं." "मला पण तुमच्याच आईनं शिकवलंय, आणि मी तिच्याजवळ जास्त वर्षं काढलीयत!" आनंदीबाईनं गूळ हातात धरून ठेवला, बराच वेळ चुलीकडे पाहिलं, आणि दाणा मऊ झाल्यावर घातला. आमसुलं मात्र आपल्या मनानं चार जास्त टाकली.

पान वाढून झाल्यावर ती मथुरेच्या तोंडाकडे बघत बसली. "कसं झालंय?"

बिरडं उत्तम झालं होतं. दाणा न् दाणा अखंड, खोबऱ्याला गोडी, शेवटी किंचित कडसर चव. मथुरेनं दुसरा घास घेतला. "मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

आनंदीबाईला तेवढं पुरलं. तिनं आणखी वाढलं.

सकाळी तिनं मडक्यातलं बियाणं सरळ निम्मं केलं. निम्मं स्वतःच्या खाचराला, निम्मं मथुरेच्या पदरात. मथुरा म्हणाली, "शिमग्याला या." म्हणायचं म्हणून म्हणाली, की मनापासून, ते वाटेत सडा चढेपर्यंत तिला नीट ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर ती थेट पडवीत गेली. "आत्याबाई, बियाण्यातले उंदीर सापडले."

यमुनाबाईनं मान हलवली. "एकच असेल. म्हातारी उंदरीण आहे. मारू नको तिला, आता किती दिवसांची?"

या घरात कुणाशी धड भांडताही येत नाही, असं पुटपुटत मथुरा मळ्याकडे गेली.

हरिश्चंद्राची आगबोट परवाची होती. ती चुकली. मथुरेनं त्याच्या हातात काठी दिली आणि सांगितलं, वाल टोकून झाल्याशिवाय मुंबई नाही. तो भोकं खोल पाडी. ती मागून येऊन माती उपसून वर घेई. त्यानं दाणे वितीच्या अंतरावर टाकले, तिनं ते वेचून हातभर अंतरावर लावले. गंगाराम बांधावर बसून म्हणाला, "तूच केलंस तर लवकर होईल." "होईल," मथुरा म्हणाली, "पण मग हा पुढल्या खेपेला नांगर शिजवील." संध्याकाळी हरिश्चंद्राला पाठ सरळ करता येईना. तशा अवस्थेत त्यानं मुंबईला सगळं कसं यंत्रानं होतं ते सांगायला सुरुवात केली.

वाल आले. त्या वर्षी दव कमी पडलं, म्हणून वेल फार माजले नाहीत. पण शेंगा धरल्या, दाणे काळपट तांबडे भरले. बियाण्यापुरते निघाले आणि वर चार वेळच्या बिरड्यापुरते.

शिमग्याला आनंदीबाई खरंच आली. पालखी झाली, होळी झाली, धुळवड झाली. ती गेली नाही. तिनं आईचं डोकं विंचरलं, पडवी आपल्या पद्धतीनं सारवली, पाण्याचा हंडा उजवीकडून डावीकडे नेला. मांजराला ती दूध जास्त घालते म्हणून मथुरेशी तिचं वाजलं, मीठ कुठं ठेवावं यावरून वाजलं, आणि गंगारामाला लहानपणी गोवर आला होता की कांजिण्या यावरून तर दुपारभर वाजलं.

एका संध्याकाळी मथुरा विहिरीवर गंगारामाला गाठून म्हणाली, "या कधी जाणार, काही बोलल्या काय?"

"तूच बोलावलंस ना?"

"बोलावलं म्हणून काय झालं? हंडा हलवायला बोलावलं होतं काय?"

"मग विचारू तिला?"

"खबरदार!" मथुरा म्हणाली. "विचारलंत तर रुसून बसतील आणि मग आणखी दहा वर्षं कोण निस्तरणार? तुम्ही तर मळ्यात असाल."

ती भरलेली कळशी कमरेवर घेऊन घरी आली. पडवीत आनंदीबाई नि यमुनाबाई सोलायला बसल्या होत्या. म्हातारीची बोटं डोळ्यांवाचून चालत होती. मथुरेनं कळशी उतरवली, हात पुसले आणि दोघींच्या मध्ये जागा करून बसली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आणि गूळ मी घालणार."

"बघू," आनंदीबाई म्हणाली.